पिटा, बाफला आणि पंगत
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात महिला शाखेच्या वतीने केलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून स्वयंपाकघराच्या गोष्टी कशाला, असे काही जणांच्या मनात आले असेल. परंतु पन्नास वर्षांत न्यासाने काय मिळविले, असे आम्हांस कोणी विचारले, तर देणग्यांच्या वहीआधी आम्ही आपली पंगत दाखवू. त्या पंगतीचीच एक अडचण सोडविताना आम्हां सात जणींना पिटा भाजण्याची विद्या अवगत झाली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

वार्षिक दिनाला आपल्याकडे पूर्वी दाल-बाफले असत. कणकेत तुपाचे मोहन आणि ओवा घालून गोळे करावेत, ते पाण्यात उकडावेत, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजून तुपात बुडवावेत. माळव्याचा हा थाट होळकरशाहीपासून इंदुरात वसलेल्या मराठी घरांनी केव्हाच आपलासा केला. पुढे गोवऱ्या पेटवावयास अंगण उरले नाही, भाजणारे हातही थकले. मग बेकरीतून पाव येऊ लागले आणि पावभाजीवर भागू लागले. त्या वर्षापासून आमच्या एक काकू पंगतीत बसेनाशा झाल्या. त्या येत, सर्वांना आग्रहाने वाढीत, आणि घरी जाऊन आपली पोळी खात. पावाचे पीठ पायांनी तुडवितात, असे त्यांनी लहानपणी ऐकले होते. आम्ही त्यांची थट्टा केली. समजूत कोणी काढली नाही. हा दोष आमचा.

वास्तविक काकूंचा हट्ट एकटीचा नव्हे. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जातिभेद सोडल्याची ती खूण. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्या मंडळींत रानडे होते, टिळक होते. त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! म्हणजे पाव हा आपल्याकडे नुसता खाण्याचा जिन्नस कधीच नव्हता. कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न त्याच्या पिठात आंबून फुगलेला होता.

आमच्या शेजारी केरळच्या एक ख्रिस्ती परिचारिका राहतात. सारे त्यांना सिस्टर म्हणतात. आखाती देशात दहा वर्षे नोकरी करून त्या परतल्या, आणि तिकडची रोजची रोटी, जिला अरब लोक खुब्झ म्हणतात आणि जगात पिटा हे नाव रूढ आहे, ती घरी भाजू लागल्या. कोकणातून इस्रायलला गेलेले आपल्याच भाषेचे बेने इस्रायली बांधव, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणत, तेही अशा पिटाच्याच मुलखात जाऊन राहिले. तेव्हा हा पदार्थ अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

सिस्टरनी दिलेले प्रमाण असे: मैदा आणि बारीक कणीक निम्मी-निम्मी मिळून अर्धा किलो, झटपट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, तेल दोन मोठे चमचे, पाणी सुमारे सव्वातीनशे मिलिलिटर. दहा मिनिटे चांगले मळावे व झाकून दुप्पट होऊ द्यावे. घड्याळाकडे पाहू नये, पिठाकडे पाहावे. इंदूरच्या वैशाखात पाऊण तास पुरतो, पौषात दोन तासही लागतात. मग आठ गोळे करून दहा मिनिटे विसावू द्यावेत आणि पाव इंच जाडीचे लाटावेत. ओव्हन २५० अंशांवर, आतला पत्रा अर्धा तास तापलेला. तीन-चार मिनिटांत पिटा फुगतो. लगेच स्वच्छ फडक्यात गुंडाळावा, म्हणजे मऊ राहतो.

ऐकावयास सोपे वाटते. आमचा पहिला घाणा मात्र परातीत टाकला तर वाजत होता! चुका तीन झाल्या. पहिली चूक पिठाची. घरात बाफल्यासाठी दळलेले कठिया गव्हाचे रवाळ पीठ होते, तेच घेतले. गव्हाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आपल्या इंदुरातच आहे आणि 'पोषण' हे कठियाचे वाण त्याचेच. बाफल्याला, दलियाला हा गहू उत्तम, पण त्याची कणीक पिटाला हवी तशी ताणत नाही. दुसरी चूक, पत्रा पुरता तापला नव्हता. तिसरी, लाटताना घड्या पडल्या. पिटाचा खिसा वाफेने होतो. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटींहून अधिक जागा मागते. वरचा व खालचा पापुद्रा चटकन धरला गेला तर ती दोहोंना दूर सारते, आणि पिठाला चीर असली तर निसटून जाते. आपला फुलका याच न्यायाने फुगतो. ज्या घरात ओव्हन नाही, तेथे जाड तापलेल्या तव्यावरही पिटा होतो.

गेल्या वार्षिक दिनाला साठ पानांसाठी साडेसात किलो पिठाचे १२० पिटा करावयाचे ठरले. दोन ओव्हन सभागृहातच मांडले. मळणे, लाटणे, भाजणे सर्वांच्या डोळ्यांदेखत. काकू पाण्याचे तांबे मांडीत होत्या. पहिला पिटा टम्म फुगला तशा त्या काचेशी येऊन उभ्या राहिल्या. "अग, हा तर फुलका!" म्हणाल्या. मग थोड्या थांबून त्यांनी विचारले, "हा कोणी लाटला?"

क्षणभर आम्हांस मोह झाला की आपल्यापैकी कोणाचे तरी नाव सांगावे. पण खोटे बोलून बसविलेली पंगत काय कामाची? आम्ही सांगितले, "सिस्टरनी."

काकूंनी सिस्टरांकडे पाहिले. त्यांचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते. "हातांनीच मळतेस ना?" काकूंनी विचारले. सिस्टर हसून म्हणाल्या, "हातांनीच, काकू." काकूंनी तांबे खाली ठेवले व पहिल्या पंगतीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांनी त्यांना वाढण्याचा मान आम्हांस मिळाला. त्यांनी दोन पिटा खाल्ले; वरणाशी खाल्ले, हे मात्र सांगितले पाहिजे.

भगिनींनो, पिटा शिकविण्यास आम्ही केव्हाही तयार आहोत. त्याहून आमची विनंती एवढीच, की आपल्या पंगतीत कोण बसत नाही, हे प्रत्येकीने एकदा पाहावे, आणि का बसत नाही, हे थट्टा न करता विचारावे. आम्हांस ते विचारावयास फार वर्षे लागली.

आम्ही आपली रजा घेतो. पीठ फुगत आले असेल.