अब्रू कोणाची जाते?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच झाला. अशा मंगल प्रसंगी मी एक अप्रिय विषय काढीत आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागतो. बालकांवर होणारे लैंगिक अत्याचार हा तो विषय होय.

सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गातील एक हुशार मुलगा एकाएकी अभ्यासात मागे पडला. एके दिवशी शाळा सुटल्यावर तो मला म्हणाला, "गुरुजी, काका मुक्कामाला आले की मला घरी जावेसे वाटत नाही." मी त्याला उपदेश केला, "वडीलधाऱ्या माणसांविषयी असे बोलू नये." त्यानंतर तो माझ्याशी मोकळेपणाने कधीच बोलला नाही, आणि वर्षअखेरीस शाळा सोडून गेला. त्याने मला काय सांगू पाहिले असेल, हे मला फार उशिरा उमगले. ती खंत आजही जात नाही.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगेही होते. अत्याचार करणारे पुष्कळदा ओळखीचे व विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

मुले का सांगत नाहीत? कारण आपण ऐकत नाही. एखादे मूल धीर करून बोललेच, तर घरात पहिला प्रश्न निघतो तो घराण्याच्या अब्रूचा. मुलीचे लग्न कसे जमेल, नातेवाईक काय म्हणतील, याची चिंता सुरू होते. मग चार वडीलधारी मंडळी बसून प्रकरण आपसांत मिटवितात. अपराधी पुढच्या लग्नकार्यात पंक्तीला मानाने बसतो, आणि ते मूल त्याच पंक्तीत वाढप करीत असते. बंधूंनो, अब्रू जावयाची ती अपराध्याची. मुलाची ती कशी जाईल?

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा २०१२ साली झाला. त्यानुसार असा गुन्हा ठाऊक असूनही न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा आपसांत मिटविणे हेही कायद्याला मान्य नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेता येतो, आणि तो घेताना पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात असू नये, असा नियम आहे. मुलाचे नाव वर्तमानपत्रांत छापण्यास मनाई आहे. खटल्याच्या काळात सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडून मिळू शकते. १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर मुलांना व पालकांना विनामूल्य मदत मागता येते.

परंतु कायदा रात्री मुलाच्या उशाशी बसत नाही. ते काम घरच्यांचे. मुलाने सांगितले तर त्यावर विश्वास ठेवावा. "तुझी यात काही चूक नाही, सांगितलेस हे बरे केलेस," एवढे म्हणावे. तोच प्रकार पुनःपुन्हा वदवून घेऊ नये. आईला दोष देऊ नये. त्या घरात तिचेही काळीज फाटलेले असते. आवश्यक तेथे मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण शिष्यवृत्तीसाठी निधी उभारतो, वधूवर मेळावे भरवितो. तद्वत् दोन जाणत्या भगिनी व दोन गृहस्थ यांची नेमणूक करावी. अशा कुटुंबाबरोबर त्यांनी पोलीस ठाण्यात व न्यायालयात जावे, अडल्यास गाडीभाड्याची सोय करावी, आणि ऐकलेला शब्द बाहेर जाऊ देऊ नये. इतर सर्वांनी एवढेच करावे, की त्या घरचे येणेजाणे थांबवू नये आणि त्या मुलाकडे पूर्वीच्याच मायेने पाहावे.

माझ्याकडे आलेल्या एका मुलाला मी परत पाठविले. तुमच्या दारातून कोणी तसे परत जाऊ नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.