हृदयाच्या झडपेवरील जंतूंचा घाला

ताप आला कीं दोन दिवस वाट पाहावी, घरांतली गोळी घ्यावी आणि कामाला लागावें, अशी शहरांतील घराघरांतून रीत आहे. बहुतेक वेळां ती निभावून जाते. परंतु ज्याच्या हृदयाची झडप आधींच सदोष आहे, त्याच्या बाबतींत हीच रीत प्राणावर बेतूं शकते.

निरोगी झडपेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर जंतूंना सहसा थारा मिळत नाहीं. बालपणीं सांधेवाताच्या तापानें खरबरीत झालेल्या, जन्मतः सदोष असलेल्या किंवा शस्त्रक्रियेनें बसविलेल्या कृत्रिम झडपेवर मात्र, किडक्या दांतांसारख्या वाटेनें रक्तांत शिरलेले जंतु तळ ठोकतात. तेथें त्यांचे व गोठलेल्या रक्ताचे मऊ पुंजके वाढूं लागतात.

ह्यापुढील अनर्थ मुख्यतः तीन प्रकारचा. पहिल्यांत झडप कुरतडली जाऊन फाटते. पुढें गेलेलें रक्त मागें परततें, फुप्फुसांत पाणी सांचतें, दम लागतो आणि हृदय थकत जातें. दुसऱ्यांत महारोहिणीच्या झडपेपासून पू लगतच्या भागांत पसरतो. ठोक्यांचा संदेश नेणारे तंतु तेथूनच जातात. ते दुखावले कीं नाडी मंदावते व रोगी मूर्च्छित पडतो. तिसऱ्यांत पुंजक्याचा तुकडा सुटून मेंदूंत अडकतो आणि अर्धांगवायूचा झटका येतो.

विख्यात संगीतकार गुस्ताव माहलर ह्यांच्या झडपेचा दोष १९०७ सालींच उघडकीस आला होता. २१ फेब्रुवारी १९११ रोजीं न्यूयॉर्कमध्यें अंगांत ताप असतांनाच त्यांनीं वाद्यवृंदाचें संचालन केलें; तें अखेरचें ठरलें. रक्तपरीक्षेंत जंतु सांपडले, निदान अचूक झालें. पण औषधच नव्हतें. १८ मे रोजीं व्हिएन्ना येथें, ऐन पन्नाशींत, त्यांचा अंत झाला.

१९४० नंतरच्या दशकांत पेनिसिलिननें हें चित्र पालटलें. आज साधारणतः चार ते सहा आठवडे शिरेवाटे औषध देऊन पुष्कळ रोगी वांचतात. झडप निकामी झाल्यास ती बदलतांही येते. अडचण उरली आहे ती वेळेवर ओळखण्याची, आणि ती पुष्कळदां घरांतच वाढते. परस्पर आणलेल्या जंतुनाशक गोळ्यांनीं ताप चार दिवस उतरतो, तपासणींत जंतु सांपडेनासे होतात, आणि झडपेची नासाडी आंतल्या आंत चालूच राहते.

म्हणून सदोष झडपेच्या माणसानें, कारण न कळणारा ताप रेंगाळल्यास, डॉक्टरांना झडपेची हकीकत आधीं सांगावी आणि जंतूंसाठीं रक्त तपासून घेण्यापूर्वीं आपल्या मनानें जंतुनाशक गोळी घेऊं नये. दम, मूर्च्छा किंवा हातापायांची शक्ति गेल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. दांतांची निगा ही तर अशा माणसाच्या हृदयाचीच निगा होय.