कोळशाआधी रस्ता

चंद्रपूर, घुग्गुस, वणी, उमरेड ही नावं ऐकली की आपल्याला कोळसा आठवतो. वर्धा खोऱ्यातल्या आणि नागपूर परिसरातल्या उघड्या खाणींमधून हा कोळसा निघतो. मात्र एक टन कोळसा हाती लागण्याआधी त्याच्यावरची कित्येक घनमीटर माती आणि खडक उचलून दूर टाकावा लागतो. खाणीतले लोक त्याला ओबी म्हणतात. म्हणजे उघड्या कोळसा खाणीचं काम खोदण्याइतकंच वाहण्याचंही आहे, आणि खाण चालवण्याच्या खर्चात वाहतुकीचा वाटा पुष्कळदा निम्म्याच्या आसपास जातो. असं असूनही नवा शॉवेल किंवा नवे डंपर घेताना जेवढा खल होतो, तेवढा ते डंपर ज्यावरून धावणार त्या रस्त्याबद्दल होत नाही. उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या वेळात रस्ता होतो. माझं म्हणणं असं की हॉल रोडचा, म्हणजे डंपरच्या या रस्त्याचा, हिशेब यंत्रसामग्रीत धरला पाहिजे, आणि वाहतूक कमी पडते म्हणून डंपर वाढवण्याआधी रस्ता तपासला पाहिजे.

यामागचं गणित सोपं आहे. शंभर टनी वर्गातला डंपर भरला की एकूण वजन सुमारे १६० टन होतं. आपल्याकडच्या खाण नियमांनुसार हॉल रोडचा चढ सर्वसाधारणपणे १६ला १ पेक्षा तीव्र असू नये. आखूड रॅम्पवर १०ला १ पर्यंत मुभा असते. १६ला १ चढावर दर टन वजनामागे साडेबासष्ट किलोची ओढ लागते. त्यात चाक फिरवण्यासाठी लागणारी ओढ मिळवायची. कठीण, नीट राखलेल्या पृष्ठभागावर ती टनामागे वीसेक किलो असते, आणि चाक जमिनीत जितकं रुतेल तितकी ती वाढते. ढोबळ नियम असा की दर सेंटिमीटरला टनामागे सहा किलो. चाक पाच सेंटिमीटर रुतलं की विसाचे पन्नास झाले. एकूण ओढ साडेब्याऐंशी किलोंवरून एकशे साडेबारा किलोंवर गेली. इंजिनाची ताकद तीच, म्हणून चढावरचा वेग एक चतुर्थांशाहून अधिक घटतो आणि तेवढ्याच चढणीला सुमारे एक तृतीयांश डिझेल जास्त जळतं. उलट बाजूनं पाहा. रस्ता सुधारून फेरीचा एकूण वेळ एक दशांशानं कमी झाला, तर दहा डंपरांचं काम नऊ करतात. दहाव्या डंपरची किंमत, त्याचे टायर, त्याचं डिझेल हे सगळं रस्त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

असा रस्ता बांधायचा म्हणजे गावाकडच्या रस्त्याचा नुसता मोठा आकार करून भागत नाही. भरलेल्या डंपरचा जवळजवळ दोन तृतीयांश भार मागच्या आसावर येतो, म्हणजे शंभर टनांहून जास्त. सार्वजनिक रस्त्यावर चार टायरांच्या एका आसाला, २०१८ साली मर्यादा वाढवल्यानंतरही, साडेअकरा टनांचीच परवानगी आहे. हा नऊपट भार आपल्या विदर्भात बहुधा काळ्या मातीवर येतो. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि ओली असताना तिच्यात भार पेलण्याची शक्ती फारशी राहत नाही. तिच्यावर थेट मुरूम पसरला तर चार पावसांत तो चिखलात गडप होतो. काळी माती काढून टाकणं हाच खरा पाया. वरचा सुपीक थर पुढे खाण बुजवून झाडं लावण्यासाठी वेगळा साठवावाच लागतो, तेव्हा हे काम निव्वळ रस्त्याच्या माथी मारण्याचं कारण नाही. जमीन मऊ असेल तर दगडाचे दाबून बसवलेले थर मिळून मीटरभर किंवा त्याहून जाड लागतात. त्यासाठी कुठलाही ओबी चालत नाही. या भागात कोळशाच्या वर बऱ्याच ठिकाणी कामठी थरांचा वालुकाश्म असतो. तो ठिसूळ असला तर चाकाखाली त्याची वाळू होते, म्हणून टिकाऊ दगड निवडूनच वापरावा लागतो. रुंदीचा एक जुना ठोकताळा अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सच्या १९७७ सालच्या हॉल रोडविषयक पुस्तिकेत आहे. दुहेरी वाहतुकीला सर्वांत रुंद वाहनाच्या साडेतीन पट रस्ता हवा. सहा मीटर रुंद डंपर असेल तर २१ मीटर.

यावर पहिला आक्षेप असा की हा रस्ता तात्पुरता असतो. खाणीचं तोंड पुढे सरकतं आणि आजचा रस्ता उद्या खोदून निघतो, मग एवढा खर्च कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण ते सगळ्या रस्त्यांना सारखं लागू नाही. शॉवेलपाशी असलेला बेंचवरचा, म्हणजे खाणीतल्या पायरीवरचा, रस्ता काही आठवड्यांचा, त्याला डोझरनं सपाट करून दगड दाबणं पुरे. खाणीतून वर येणारा मुख्य रॅम्प मात्र वर्षानुवर्षं राहतो आणि जवळपास प्रत्येक टन त्यावरून जातो. रस्त्याचं आयुष्य महिन्यांत मोजलं तर खर्च उधळपट्टी वाटतो. त्यावरून जाणाऱ्या टनांत मोजलं तर टनामागचा आकडा किरकोळ निघतो.

दुसरा आक्षेप पावसाचा. पावसाळ्यात उत्पादन घटतंच, रस्ता कितीही चांगला केला तरी काय फरक पडणार? पाऊस पडत असताना काम थांबेल, हे खरं. पण पाऊस थांबल्यावर खाण किती लवकर सुरू होते, ते रस्त्यावर पाणी साचतं की वाहून जातं यावर ठरतं. मध्यापासून कडेला दोन-तीन टक्के उतार, बाजूला गटार आणि कडेच्या बांधात पाणी जायला ठेवलेली तोंडं यांना फार पैसा लागत नाही. ग्रेडर फिरवून चाकोऱ्या बुजवल्या की झालं, हीही समजूत अपुरी आहे. ग्रेडर वरचा थर सारखा करतो. चाकोरी पुन्हा त्याच जागी पडत असेल तर दोष खालच्या थरात किंवा साचलेल्या पाण्यात आहे.

तिसरा आक्षेप सुरक्षेच्या चर्चेत हमखास येतो: अपघात चालकाच्या चुकीनं होतात. चुका होतात, पण उघड्या कोळसा खाणींतल्या प्राणघातक अपघातांमध्ये डंपर आणि ट्रक हे प्रमुख कारण वर्षानुवर्षं कायम असेल, तर ते एकेका चालकाच्या माथी मारून चालणार नाही. उंच केबिनमधून डंपरच्या पुढ्यातली आणि उजव्या-डाव्या बाजूची बरीच जमीन दिसतच नाही. जीपसाठी वेगळी वाट, वळणावर पुरेशी दृष्टी, चाकाच्या मध्याइतका तरी उंच कडेचा बांध आणि धूळ बसेल पण निसरडं होणार नाही इतकंच पाणी, ही आखणी चालकाच्या चुकीची किंमत कमी करते.

कोळसा आता कन्व्हेयर पट्ट्यावरून न्यायचा, मग डंपरच्या रस्त्याचं महत्त्व संपलं, असंही कुणी म्हणेल. खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंत पट्टे येत आहेत, ते चांगलंच आहे. पण आपल्याकडचा ओबी आणि फॉल्टनी, म्हणजे भूस्तरभंगांनी, तुटलेल्या थरांतला कोळसा अजून प्रामुख्यानं डंपरच वाहतात. ओबीचं काम आता पुष्कळ ठिकाणी कंत्राटावर जातं, आणि तिथे रस्ता कंत्राटदारानं सांभाळावा असं मोघम लिहून सोडलं तर तो शक्य तितका स्वस्तात उरकतो. म्हणून थरांची जाडी, चढ, रुंदी आणि निचरा कंत्राटात मोजता येईल असा लिहावा आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत. दर महिन्याच्या अहवालात डंपरच्या फेऱ्यांशेजारी रस्त्याचा टनामागचा खर्च आणि फेरीचा सरासरी वेळ यावा. हे दोन आकडे एका पानावर आले की पुढचा पैसा डंपरवर घालायचा की रस्त्यावर, याचा वाद अंदाजावर राहणार नाही.