उन्हाला वाट मिळाली तर

टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी उन्हाच्या बळावर पाण्यातला रंग तोडते, हे आता नवे राहिलेले नाही. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी तिच्या स्फटिकावर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले, तेव्हापासूनचा तिचा बोलबाला रास्तच आहे. ती स्वतः खर्ची पडत नाही, हा तर मोठाच गुण. पण म्हणून वालीव-सातिवलीपासून तारापूरपर्यंतच्या कारखान्यांत कुणी समजू नये की सांडपाण्याच्या टाकीत पोते ओतले की काम झाले. अर्नाळ्याला बोंबील बांबूच्या वलांडीवर सुटे टांगतात, तेव्हा कुठे ते खडखडीत वाळतात. त्यांचाच ढीग केला तर वरचे चार वाळतील, खालचे कुजतील. ऊन मात्र तेवढेच पडलेले असते. तसेच गडद पाण्यात अतिनील किरण वरच्या थरातच अडतात, खालचे कण अंधारात राहतात. भुकटी वाढवावी, तर दाटीने टांगलेल्या बोंबलांसारखे कणच एकमेकांवर सावली धरतात. म्हणजे उणीव भुकटीची नसते, उन्हाच्या वाटेची असते.

कुणी म्हणेल, आपल्याकडे उन्हाला काय तोटा? पण अ‍ॅनाटेज जातीच्या भुकटीला ३८८ नॅनोमीटरहून आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण लागतात, आणि असे किरण उन्हात जेमतेम पाच टक्के. दिवे लावले तर विजेचे बिल आले. नायट्रोजन मिसळून ती दृश्य प्रकाशातही चालवता येते, हे २००१ मध्ये दाखवले गेले. तरी गढूळ पाण्यात तो प्रकाशही शिरायला हवाच ना! आणि कृपा करून रंगाच्या दुकानातले पोते आणू नका. त्यातली भुकटी बहुधा रूटाइल जातीची असते, आणि उन्हात रंग खडूसारखा भुरभुरू नये म्हणून तिच्या कणांवर मुद्दाम सिलिका-अ‍ॅल्युमिनाचे कवच चढवलेले असते. आपल्याला हवा तोच गुण तिथे झाकलेला असतो. तेव्हा आधी गाळ बसू द्या, जिवाणूंना घाण पचवण्याचे त्यांचे काम करू द्या. मग उरलेला फिका, हट्टी रंग उथळ थरातून या भुकटीकडे सोडा. उथळ थर, एवढे विसरू नका. अतिसूक्ष्म कण पाण्यातून परत काढणे कठीण, म्हणून ते काचेवर बसवतात. त्यात पृष्ठभाग घटतो, वेग मंदावतो. पावसाळ्यात ढगांतूनही थोडे अतिनील किरण येतात, पण त्या हिशेबाने काचांचे क्षेत्रफळ किती वाढवावे लागेल, ते मांडायला आज वेळ उरलेला नाही.