पेन्सिलीतील पापुद्रा व रोगनिदान



पेन्सिलीतील ग्राफाइट आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. २००४ साली मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने त्याचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा सोलून काढला, तेच ग्राफीन. त्याचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असल्याने परका रेणू येऊन चिकटताच त्यातील विद्युत्प्रवाह बदलतो. त्यावर प्रतिपिंडे बसवून दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०२० साली रुग्णांच्या नाका-घशातील स्रावात कोरोनाचा विषाणू ओळखला. रक्ताचे काम मात्र बिकट. त्यातील क्षार रेणूंचा विद्युद्भार झाकून टाकतात.

आमच्या घरांतून, विशेषेकरून स्त्रियांत, दुखणे अंगावर काढण्याची रीत आहे. रोगाची खूण पुष्कळदा वेदनेच्या आधी रक्तात उमटते, हे आम्ही ध्यानी घेत नाही. ग्राफीन दवाखान्यात येईल तेव्हा येवो. तूर्त साखरेची तपासणी वार्षिक मेळाव्यातच व्हावी, अशी कार्यकारिणीस आमची विनंती आहे.