अर्ध्या राहिलेल्या गोधड्या



गेल्या वर्षी आम्ही बहिणींनी सातपुड्यातल्या वसतिगृहाला नाताळपर्यंत ४० गोधड्यांचा शब्द दिला. पुऱ्या झाल्या ११. बाकीच्यांचा धावदोरा कडेचे दोन फेर घालून थांबला, आणि थंडीत मुले एका पांघरुणात तिघे-तिघे निजली. बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करावा, हे लूकच्या चौदाव्या अध्यायात आम्ही कितीदा तरी वाचलेले!

यंदा आधी मोजले. घरचे सांभाळून एक गोधडी हाताने भरायला दीड महिना लागतो. जून ते नोव्हेंबर प्रत्येकी चार; आम्ही पाच जणी, म्हणजे २०. त्याही गेल्या वर्षीच्या अर्ध्याच. नवी बेतायची नाही, कोणी कितीही सुंदर नऊवारी आणून दिली तरी.

आज १४ वेदीपुढे आहेत. सहा अजून घरी. त्यांतल्या दोन माझ्या.