ड्रोन उडवण्याआधी आकाशाचा नकाशा वाचूया

आजचा भाग ड्रोनवर आहे. पण कुठला घ्यावा, बॅटरी किती टिकते, ते आज नाही. आज बोलायचंय ड्रोन जिथे उडतो त्या आकाशाबद्दल. का, ते सांगतो.

मध्यंतरी रात्री अकराला माझ्या आतेभावाचा फोन आला. "दादा, उद्या मित्राच्या ताईचं लग्न आहे, नगर रोडवर. आपल्या ताईचं झालं होतं ना, तेच लॉन. तू तेव्हा ड्रोन उडवला होतास, मग उद्या मी उडवतो."

ते लग्न होतं फेब्रुवारी २०२२ मध्ये. माझ्याकडे एक स्वस्तातला ड्रोन होता. वरात आली, मी ड्रोन सरळ वर नेला, शॉट झकास आला. आत्याने तो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि मी दोन दिवस हिरो! काही बिघडलं नाही, कोणी अडवलं नाही. आम्ही इंजिनिअर लोक म्हणतो ना, "माझ्या मशीनवर तर चालतंय," अगदी तसंच.

भावाला म्हटलं, दहा मिनिटं थांब. जुन्या फोनमधला त्या दिवसाचा लॉग काढला, सरकारी नकाशा उघडला आणि लॉनचा पिन टाकला. विमानतळाच्या हद्दीपासून अंतर साधारण साडेचार किलोमीटर. रंग लाल.

आता हे रंग काय ते बघू. आपल्याकडे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ ला आले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला आकाशाचा नकाशा जाहीर झाला. म्हणजे मी उडवला तेव्हा तो येऊन पाच महिने झाले होते. मीच बघितला नव्हता. त्यात तीन रंग आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचाच नाही.

विमानतळाभोवती हे रंग कड्यांसारखे आहेत. हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत लाल, ५ ते ८ पिवळं. ८ ते १२ मध्ये ६० मीटरपर्यंत हिरवं, त्याच्या वर पिवळं. म्हणजे एकाच जागेवर उभं राहून खाली हिरवं आणि वर पिवळं असू शकतं. नकाशा सपाट दिसतो, आकाश सपाट नाही.

हे आकडे असे का, ते मला गणित केल्यावर कळलं. विमान उतरताना साधारण ३ अंशांच्या उताराने येतं आणि धावपट्टीच्या टोकावरून १५ मीटर उंचीवर जातं. मग टोकापासून २ किलोमीटरवर ते किती उंच असेल? सुमारे १२० मीटर. आपण "फक्त ४०० फूट" म्हणतो, बरोबर तेवढंच! साडेचार किलोमीटरवर ते सुमारे २५० मीटरवर असतं. माझ्या लॉगमध्ये ड्रोनची उंची होती ११० मीटर. विमान अगदी ठरल्या रेषेवर असेल, तर मधे १४० मीटर उरतात. ते थोडं खाली आलं, किंवा माझा ड्रोन सिग्नल सुटून भरकटला, तर? त्या दिवशी काही झालं नाही, ही माझी हुशारी नव्हती.

आता जिथे बहुतेक जण फसतात अशा तीन गोष्टी.

पहिली, उंची. रिमोटवर दिसते ती उड्डाणाच्या जागेपासूनची उंची असते. नियमातली १२० मीटर ही खालच्या जमिनीपासूनची. गडाच्या कड्यावरून ड्रोन दरीवर नेलात, तर स्क्रीनवर ३० मीटर दिसेल आणि खाली जमीन शेकडो मीटरवर असेल. शिवाय संरक्षित गडांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

दुसरी, वेळ. काल हिरवं होतं म्हणून आज असेलच असं नाही. सभा, व्हीआयपी दौरा, बंदोबस्त असेल तर राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतात. मुंबईत तर पोलिसांचे बंदीचे आदेश वारंवार निघतात. म्हणून नकाशा उड्डाणाच्या आधी त्याच दिवशी बघायचा आणि स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्यायचं.

तिसरी, अ‍ॅप. कंपनीच्या अ‍ॅपने उडू दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. माझ्या ड्रोनला तर असलं कुलूपच नव्हतं.

आणि पायलटचं काय? २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन, किंवा २ किलोपर्यंतचा मायक्रो फक्त हौसेसाठी, यांना रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो घेऊन लग्नाची ऑर्डर घेतलीत, पैसे घेतलेत, की लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. पण नॅनोला प्रमाणपत्र नको म्हणजे नॅनोला लाल भाग माफ, असं मुळीच नाही. नियम मोडला तर दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. आणि हेलिकॉप्टर किंवा विमान दिसलं की ड्रोन लगेच खाली. वाट नेहमी माणसं असलेल्या विमानाची.

तर भावाला सांगितलं, उद्या नाही उडवायचा. तो चिडला. "तू उडवलास तेव्हा चाललं, मला मात्र नियम!" मी म्हटलं, चाललं नव्हतं रे, मला कळलं नव्हतं. मग त्याला लॉग आणि नकाशा एकावर एक ठेवून स्क्रीनशॉट पाठवला. बराच वेळ उत्तर नाही. शेवटी आलं, "ठीक आहे. गच्चीवरून फोनने घेतो."

दुसऱ्या दिवशी मी आत्याला फोन करून सगळं सांगितलं आणि तो व्हिडिओ काढून टाकायला लावला. ती म्हणाली, "अरे, एवढा छान होता!" छान होताच, आत्या. पण तो बघून आणखी कोणी त्याच लॉनवर ड्रोन वर नेला असता.

तुमच्याकडे असा एखादा जुना व्हिडिओ असेल, तर आज त्याचा पिन नकाशावर टाकून बघा. रंग कुठला निघाला ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.